वॉर ऑफ द वर्ल्ड्स (२०२५): परग्रहवासी आले, डेटा खाऊन मेले

तिरपी_रेघ

स्पॉयलर आहेत, भरपूर आहेत. ज्यांना सिनेमा आधी बघायचाय त्यांनी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.

३० जुलै २०२५ ला हा प्राइमवर आला आणि रॉटन टोमॅटोजवर सुरुवातीला चक्क शून्य टक्क्यांवर होता. शून्य म्हणजे मोजलेल्या समीक्षकांपैकी एकालाही तो बरा वाटला नाही. इतकं एकमत हल्ली कशावर होतं? म्हणून बसले बघायला. अचाट आणि अतर्क्य सिनेमांची मला मुळातच आवड आहे, त्यामुळे पूर्वग्रह असलाच तर सिनेमाच्या बाजूनेच होता.

गोष्ट अशी. विल रॅडफोर्ड (आइस क्यूब) अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्यात पाळत ठेवायच्या कामावर आहे. देशभरातले कॅमेरे, फोन, मेसेज सगळं त्याच्या बोटांखाली. देशाच्या शत्रूंवर नजर ठेवून उरलेल्या वेळात (म्हणजे बराच वेळ) हा स्वतःच्या पोरांवर नजर ठेवतो. मुलगी गरोदर, तर तिच्या फ्रिजमध्ये काय आहे ते ऑफिसात बसून बघतो आणि तिला आहारावर भाषण देतो. मुलगा बापाशी फटकून वागतो. का, ते विचारायची गरज नाही.

मग उल्का पडतात, त्यातून तीन पायांची अवाढव्य यंत्रं बाहेर येतात आणि जगभर हाहाकार माजतो. हे सगळं आपल्याला दिसतं विलच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, खिडक्या उघडत आणि मिटत. अख्खा सिनेमाच तसा आहे. एका कोपऱ्यात वेबकॅममधला क्यूबचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भाव: प्रिंटर चालत नाहीये.

आता कळसाध्याय. विलला एक पेनड्राइव्ह तातडीने हवाय. त्याचा होणारा जावई ॲमेझॉनचा डिलिव्हरीवाला आहे. तो म्हणतो, ड्रोनने पाठवतो, पण त्यासाठी तुम्हाला साइटवर रीतसर ऑर्डर टाकावी लागेल. आणि विल ऑर्डर टाकतो! बाहेर मानवजात संपत आलीय आणि आपला नायक चेकआउट करतोय. पुढे तो ड्रोन वाटेत उलटा पडतो, तेव्हा रस्त्यावरच्या एका बेघर माणसाला हजार डॉलरच्या ॲमेझॉन गिफ्ट कार्डाचं आमिष दाखवून तो सरळ करून घेतात. हे सगळं ॲमेझॉनच्याच प्राइमवर दिसतंय हे लक्षात असू द्या.

माझी तक्रार सिनेमा स्वस्तात उरकलाय ही नाही. स्वस्तातले कित्येक सिनेमे मला मनापासून आवडतात. माझं म्हणणं एवढंच, की हा बनवणाऱ्यांपैकी कुणाचाच या गोष्टीवर विश्वास नव्हता. तुम्हाला काय वाटतं?

पॉपकॉर्नवाला

पहिला!

सिनेमा मित्रांसोबत बघितला. ड्रोनच्या प्रसंगाला आमच्यातला एकजण खुर्चीवरून खाली पडला. पैसे वसूल.

नेपच्यून

हे 'नुकताच पाहिलेला चित्रपट' धाग्यावर लिहिलं असतं तरी चाललं असतं. असो.

तिरपी_रेघ

नेपच्यून, तिथे एका ओळीत आटपावं लागतं. या सिनेमाला एका ओळीत न्याय देणं मला जमणार नाही.

सर्व्हररूम

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे मला हा सिनेमा भयपट म्हणून भावला.

परग्रहवासी डेटा 'खातात' म्हणे. खाल्ला की तो इथून नाहीसा होतो. फेसबुकची पानं पुसली जातात, बँका कोलमडतात, सैन्याची यंत्रणा आंधळी होते. अरे पण डेटा म्हणजे काय विहिरीतलं पाणी आहे का, उपसलं की संपायला? कॉपी केली की मूळ जागच्या जागी राहतं, तीच तर सगळी गंमत आहे. शिवाय बॅकअप नावाची गोष्ट असते. आमच्या धंद्यातला जुना नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. टेपवर घेऊन कपाटात ठेवलेला बॅकअप कुठलाही परग्रहवासी इंटरनेटवरून खाऊ शकत नाही. त्याला कपाटापर्यंत यावं लागेल, आणि किल्ली कुणाकडे आहे हे आम्हालाच आठवत नाही.

पण समजा खातात. तर पोट किती भरेल? हे मी खरंच काढून बघितलं. आयबीएमच्या रोल्फ लँडॉवरने १९६१ साली दाखवलं की माहितीचा एक बिट पुसायला किमान अमुक इतकी ऊर्जा लागतेच. उलट बाजूने, एका बिटच्या माहितीतून जास्तीत जास्त तेवढंच काम काढता येतं. साध्या खोलीच्या तापमानाला हा आकडा साधारण २.९ गुणिले १० चा उणे २१ वा घात, इतके ज्यूल. आता जगातला सगळा डेटा शंभर झेटाबाइट धरू. म्हणजे ८ गुणिले १० चा २३ वा घात, इतके बिट. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे २,३०० ज्यूल.

एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल. थोडक्यात, पृथ्वीवरचा सगळा डेटा चाटूनपुसून खाल्ला तर पदरात पडते अर्धी किलोकॅलरी. एवढ्यासाठी हे लोक तारे ओलांडून आले. परतीच्या भाड्याचं सोडा, पहिला पाय उचलायलाही पुरणार नाही.

त्यापेक्षा डेटा सेंटरला जाणारी वीज प्यायले असते तर निदान पोटभर मिळालं असतं.

वाचनवेडी

सर्व्हररूम, हसून हसून पुरेवाट! प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

पॉपकॉर्नवाला

अर्धी किलोकॅलरी =)) डाएटवर असतील.

किरणोत्सर्गी

सर्व्हररूमच्या गणिताला अनुमोदन, पण जरा परग्रहवासीयांचीही बाजू घेतो. त्यांना ऊर्जा हवी होती असं सिनेमा म्हणत नाही, 'माहिती' हवी होती. आपण तरी पुस्तक वाचतो ते काय कागदातल्या उष्मांकासाठी?

सर्व्हररूम

मान्य. पण मग वाचायचं आणि परत ठेवायचं. ग्रंथालय जाळून पुस्तक वाचायची ही कुठली रीत?

वाचनवेडी

मी पुस्तकाच्या बाजूने थोडं लिहिते, लांबण लागेल.

हा सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतलाय ती एच. जी. वेल्सची, १८९८ ची. मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात ही तिची गोष्ट. बहुतेक सिनेमे तिच्यातून तीन पायांची यंत्रं, उष्णकिरण आणि शेवटी मंगळवासीयांना मारणारे जंतू एवढंच उचलतात. पण पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला बजावतो की मंगळवासीयांना निर्दय म्हणण्यापूर्वी आपण काय केलंय ते आठवा, आणि तिथे तो टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं नाव घेतो. युरोपियन वसाहतवाल्यांनी पन्नासेक वर्षांत त्यांची दाणादाण करून टाकली होती. कादंबरीची कल्पनाच भाऊ फ्रँकशी या विषयावर बोलताना सुचली, असं वेल्सने सांगितलंय. म्हणजे जगातल्या सर्वात बलाढ्य साम्राज्याच्या राजधानीला तो सांगत होता की उद्या तुमच्यापेक्षा वरचढ कुणी आला तर तुमची गत तशीच होईल. लंडनमधून जीव मुठीत धरून पळणारी माणसं १८९८ च्या इंग्रज वाचकाला दाखवणं यात केवढं धाडस होतं!

आता २०२५ च्या सिनेमाकडे या. यांच्याही हातात तसाच जळता निखारा होता. सरकारने लोकांची माहिती गोळा करायला 'गोलायथ' नावाची गुप्त यंत्रणा उभी केली, त्या माहितीच्या ढिगाच्या वासाने परग्रहवासी आले, आणि वरिष्ठांना हे ठाऊक होतं. काय जबरदस्त कल्पना आहे! आपणच हावरटासारखं साठवलेलं आपल्या नाशाला कारण झालं. वेल्सला हे आवडलं असतं. पण सिनेमा करतो काय? ज्या पाळतीमुळे हे संकट ओढवलं त्याच पाळतीने नायक जग वाचवतो. मुलीला संकटातून काढायला तोच कॅमेरा, तोच फोनचा माग, तीच घुसखोरी. शेवटी तो पद नाकारून दोन वाक्यांचं भाषण ठोकतो, ते अगदी उपचारापुरतं. आणि सरकारच्या पाळतीला नावं ठेवत असतानाच, माणसांच्या खरेदीची खडान्‌खडा नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा डिलिव्हरीवाला देवदूत म्हणून येतो!

तिरपी_रेघ म्हणतात विश्वास नव्हता. मी म्हणेन, हातात काय आलंय ते यांना कळलंच नाही.

तिरपी_रेघ

वाचनवेडी, हे बेस्ट लिहिलंयत. टास्मानियाचा संदर्भ माझ्या डोक्यातून पार निसटला होता.

ढगफोडे

+१

शनिवारचा_प्रेक्षक

सगळे तुटून पडलेत, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. हलकेच घ्या.

हा सिनेमा चित्रित झाला २०२० मध्ये, महामारीच्या काळात. क्यूबने स्वतः नंतर सांगितलं की पंधरा दिवसांत काम झालं, समोर ना दिग्दर्शक होता ना दुसरा नट. नुसत्या कॅमेऱ्याकडे बघून एकट्याने घाबरायचं, चिडायचं, रडायचं. करून बघा, मग नावं ठेवा. त्यानंतर सिनेमा काही वर्षं पडून राहिला आणि शेवटी प्राइमवर आला. दिग्दर्शक रिच ली म्युझिक व्हिडिओंतून आलेला. म्हणजे परिस्थितीच अशी होती की जे झालं ते एवढंच होणार होतं. लोक घरात कोंडलेले असताना कॉम्प्युटरच्या पडद्यावरच सिनेमा करायचा, ही कल्पना त्या वेळी हुशारीचीच होती.

तिरपी_रेघ

शनिवार, क्यूबची कीव मलाही आली. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा सिनेमा म्हणजे आपोआप भिकार, असं कुठे आहे? याच निर्मात्याचा, तिमूर बेकमाम्बेतोव्हचा, 'सर्चिंग' (२०१८) आठवा. तोही अख्खा कॉम्प्युटरच्या पडद्यावर, मुलीच्या शोधातला बाप तिथेही. त्यात बाप मुलीला एक मेसेज टाइप करतो, थांबतो, पुसतो, आणि दुसरंच काहीतरी निरुपद्रवी पाठवतो. कर्सर नुसता लुकलुकत असतो आणि आपल्याला त्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते कळतं. चेहरा दाखवायचीही गरज पडत नाही. या शैलीची खरी ताकद तिथे आहे.

इथे विल मेसेज टाइप करतो आणि तोच मेसेज मोठ्याने वाचूनही दाखवतो. प्रेक्षकाला वाचता येत असेल यावर विश्वास नाही.

मंदाताई

नमस्कार मंडळी. मी सायफायवाली नाही, पण एक सांगते. दिवंगत बायकोचं फेसबुकचं पान डोळ्यांदेखत पुसलं जातं तो प्रसंग मला लागला. हसू नका. माणूस गेल्यावर त्याचं असं एखादं पान हेच घरच्यांकडे उरतं आजकाल. ते जर असं नाहीसं झालं तर? तिथे दोन मिनिटं थांबले असते तर मी रडले असते. पण लगेच पुढची खिडकी, पुढचा स्फोट, पुढचा फोन.

वाचनवेडी

मंदाताई, अगदी. त्या एका प्रसंगात परग्रहवासी काय हिरावून नेतायत ते कळतं. बाकी सगळा वेळ आकडे वरखाली होत राहतात.

खडूस_कोपरा

एवढी चर्चा या सिनेमाच्या वाट्याला आलीय हेच त्याचं यश. मी वीस मिनिटांत बंद केला.

पॉपकॉर्नवाला

खडूस, मग ड्रोन राहिला की! परत लावा.

ढगफोडे

आता माझ्या आवडत्या विषयावर येतो. वाईट सिनेमांतही जातकुळी असते. धागाकर्तीने 'विश्वास' म्हटलंय त्यावरून दिग्दर्शक एड वुड आठवला.

त्याचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. परग्रहवासीयांच्या स्वारीवरच्या वाईट सिनेमांचा आद्य पुरुष. १९५७ मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, रीतसर प्रदर्शित व्हायला १९५९ उजाडलं. बेला लुगोसी, म्हणजे १९३१ चा ड्रॅक्युला, १९५६ मध्ये वारला. वुडकडे त्याचं थोडंसं चित्रण होतं, तेही दुसऱ्याच कशासाठी घेतलेलं. ते वाया कसं घालवायचं? म्हणून त्याने उरलेल्या प्रसंगांसाठी बायकोच्या हाडवैद्याला उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच, दिसायला अजिबात तसा नाही, म्हणून अख्ख्या सिनेमाभर तो झग्याने तोंड झाकून वावरतो! पैसे एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी घातले, आणि त्यांच्या आग्रहाखातर वुड आणि काही कलाकारांनी बाप्तिस्मासुद्धा घेतला. विमानाच्या कॉकपिटला मागे पडदा टांगलेला दिसतो. थडगी धक्का लागला की हलतात.

१९८० मध्ये 'गोल्डन टर्की' पुरस्कारवाल्यांनी त्याला आजवरचा सर्वात वाईट सिनेमा ठरवलं आणि तेव्हापासून लोक तो प्रेमाने बघतायत. पुढे टिम बर्टनने वुडवर सिनेमा काढला (१९९४), त्यात लुगोसी झालेल्या मार्टिन लँडाउला ऑस्कर मिळालं.

मुद्दा असा की वुडला खरोखर वाटत होतं की आपण काहीतरी थोर करतोय. त्यातला परग्रहवासी मानवजातीला शस्त्रस्पर्धेवरून झापतो तेव्हा संवाद हास्यास्पद आहेत, पण लिहिणाऱ्याची कळकळ खरी आहे. हलणारं थडगं चालतं. कळकळ नसली की मग काहीच चालत नाही.

नेपच्यून

ढगफोडे, छान. पण वाईट सिनेमाला 'कळकळ' म्हणून पास करायची ही पळवाट मला पटत नाही. प्रेक्षकाला कळकळ दिसत नाही, थडगंच दिसतं. वुडला सत्तर वर्षांच्या अंतराने आपण लाडाने बघतो. त्या वेळच्या प्रेक्षकाने पैसे परतच मागितले असते. क्यूबच्या सिनेमालाही तेवढी वर्षं द्या, तेव्हा लोक म्हणतील, काय निरागस काळ होता, माणसं पेनड्राइव्ह वापरायची.

ढगफोडे

नेपच्यून, हा फटका बसला. तरी असहमत. काळ गेला की प्रत्येक वाईट सिनेमा लाडका होत नाही. त्याच काळातले शेकडो सिनेमे विसरले गेलेत, त्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. वुड उरला त्याचं काहीतरी कारण असेल ना?

नेपच्यून

कारण पुरस्कारवाल्यांनी नाव घेतलं म्हणून. प्रसिद्धी.

खडूस_कोपरा

चला, पन्नास प्रतिसादांची सोय झाली.

आकाशवाणी_प्रेमी

उशिरा आलो, पण एका गोष्टीचा उल्लेख कसा झाला नाही?

३० ऑक्टोबर १९३८, सीबीएस रेडिओ, ऑर्सन वेल्सचं नभोनाट्य (हा नट-दिग्दर्शक, कादंबरीवाला वेल्स वेगळा). कादंबरी हीच, संहिता हॉवर्ड कोकची. आणि युक्ती काय, तर गोष्ट बातम्यांच्या रूपात सांगायची. नृत्यसंगीत चालू आहे, मध्येच 'आत्ताच हाती आलेली बातमी', परत संगीत, परत बातमी, दर वेळी जरा जास्त घाबरवणारी. बातमीदार न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिलच्या शेतातून वर्णन करतोय, त्याचा आवाज चढत जातो, पाठीमागे किंकाळ्या, आणि अचानक सगळं बंद. काही सेकंद पूर्ण शांतता. रेडिओवर काही सेकंद म्हणजे अनंतकाळ. त्या भूमिकेतला फ्रँक रीडिक याने तयारीसाठी १९३७ च्या हिंडेनबर्ग दुर्घटनेचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, ज्यात निवेदक डोळ्यांसमोर जळणारं हवाई जहाज बघून कोसळतो.

आता बघा, हे नभोनाट्य म्हणजे त्या काळचा 'पडद्यावरचा सिनेमा'च की. लोकांना संकट ज्या माध्यमातून कळतं त्याच माध्यमाचं रूप गोष्टीला द्यायचं. १९३८ मध्ये रेडिओ, आज खिडक्या, नोटिफिकेशनं, कापलेले व्हिडिओ कॉल. त्यामुळे शनिवार म्हणतात तसं, कल्पना हुशारीची होती. कल्पना मुळात ऑर्सन वेल्सचीच होती! खर्चाचं म्हणाल तर त्या नाटकात एकही यंत्र दिसत नाही, दिसणारच कसं. काही नट, थोडे आवाज, आणि ती शांतता. स्वस्ताईचा आणि दर्जाचा संबंध नाही हे तिथेच सिद्ध झालंय.

यांनी काय गमावलं तर शांतता गमावली. विचार करा, मुलीशी व्हिडिओ कॉल चालू आहे, चित्र गोठतं, आणि सिनेमा तिथेच थांबून राहतो. गोठलेला अर्धवट चेहरा आणि गोल फिरणारं चिन्ह. त्याला फोन लावता येत नाही, आपल्यालाही काही कळत नाही. हा अनुभव आपल्यातल्या प्रत्येकाने घेतलाय. पण या सिनेमात कुठल्याही खिडकीतलं काही गोठलं की दोन सेकंदांत दुसऱ्या खिडकीत त्याचं उत्तर हजर. अख्ख्या जगाची यंत्रणा कोसळलीय आणि याचं नेटवर्क मात्र ठणठणीत!

सर्व्हररूम

शेवटच्या वाक्याला साष्टांग नमस्कार. डेटा सेंटरं कोसळतायत आणि टीम्सच्या व्हिडिओ कॉलवर चित्र मात्र लख्ख. आमच्याकडे तर पाऊस पडला तरी गोठतं.

शनिवारचा_प्रेक्षक

आकाशवाणी, मुद्दा मान्य. माझा बचाव तुम्ही माझ्यापेक्षा चांगला केलात आणि मग त्यानेच मला हरवलंत.

जाता जाता, त्या नाटकाने अमेरिकेत लोक रस्त्यावर पळत सुटले होते ना?

आकाशवाणी_प्रेमी

ती दंतकथा जास्त आहे. काही लोक घाबरले, पोलिसांना, वर्तमानपत्रांना फोन गेले, हे खरं. पण देशभर पळापळ झाली हे चित्र मुख्यतः दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी रंगवलं. रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, त्यामुळे रेडिओ कसा बेजबाबदार आहे हे दाखवायची संधी कोण सोडणार! त्याच रात्री सी. ई. हूपर कंपनीने पाच हजार घरांत फोन करून पाहणी केली होती, त्यातल्या जेमतेम दोन टक्के लोकांनी हे नाटक ऐकत असल्याचं सांगितलं. बाकीचे बहुतेक दुसऱ्या स्टेशनवरचा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम ऐकत होते.

किरणोत्सर्गी

म्हणजे परग्रहवासी आले तेव्हा लोक दुसरं काहीतरी बघत होते. परंपरा चालू आहे.

किरणोत्सर्गी

शेवटाबद्दल कुणी बोललं नाही अजून. वेल्सच्या कादंबरीत मंगळवासी पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात, कारण त्यांना त्या जंतूंविरुद्ध प्रतिकारशक्तीच नाही. माणसाच्या तोफा काही करू शकत नाहीत आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी गोष्ट काम तमाम करते. १८९८ मध्ये रोगजंतूंचं शास्त्र ताजं होतं, त्यामुळे तो शेवट त्या काळी अगदी आधुनिक वाटला असणार. मग 'इंडिपेंडन्स डे'ने (१९९६) जंतूच्या जागी कॉम्प्युटर व्हायरस आणला. लॅपटॉपमधून तो थेट परग्रहवासीयांच्या जहाजात. त्यांचं आणि आपलं सॉफ्टवेअर एकमेकांना कसं समजलं हे विचारायचं नाही. आणि आता २०२५ मध्ये दोन्हींचं कडबोळं: मुलगी जीवशास्त्रज्ञ, मुलगा हॅकर, दोघांचं मिळून जनुकांचं आणि कॉम्प्युटरचं काहीतरी एकत्र खलून 'कॅनिबल कोड' तयार, ओता परग्रहवासीयांच्या तोंडात.

मला तक्रार शास्त्राची नाही. तक्रार ही की वेल्सचा शेवट माणसाचा माज उतरवतो. आपण जिंकत नाही, आपण वाचतो. इथे बाप, लेक, मुलगा आणि जावई मिळून जग वाचवतात. सात-आठ अब्ज लोकांतलं एकच कुटुंब, आणि त्यात एकाला पाळत जमते, एकाला हॅकिंग, एकीला जनुकं, एकाला डिलिव्हरी. नेमकी हीच टीम एका घरात जन्माला यावी!

मंदाताई

जावई जन्माला नाही आला हो त्या घरात.

किरणोत्सर्गी

ताई =)) बरोबर. तो ऑर्डर करून मागवला.

वाचनवेडी

किरणोत्सर्गी, 'आपण जिंकत नाही, आपण वाचतो' हे फार आवडलं. स्पीलबर्गच्या २००५ च्या सिनेमावर कितीही टीका झाली तरी त्याने तो जंतूंचा शेवट तसाच ठेवला. लोक चिडले की नायकाने काहीच केलं नाही. अहो, त्याने काही करायचंच नव्हतं.

नेपच्यून

पण त्यात मुलगा शेवटी धडधाकट परत येतो, तो कुठल्या जंतूंमुळे?

वाचनवेडी

त्याला माझ्याकडे उत्तर नाही :)

पॉपकॉर्नवाला

एक शंका. या एकाच पुस्तकावर इतके सिनेमे का निघतात? दर काही वर्षांनी तीन पाय हजर.

ढगफोडे

एक तर तीन पाय. त्या यंत्राचं चित्र एकदा डोक्यात बसलं की जात नाही. दुसरं, व्यवहाराचं कारण. अमेरिकेत या कादंबरीवरचे हक्क केव्हाच संपलेत. वेल्स १९४६ मध्ये वारला, त्यामुळे ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांनी, म्हणजे २०१६ च्या अखेरीस, तिथलेही संपले. बीबीसीची मालिका आली २०१९ मध्ये. आता कुणीही उठावं आणि मंगळवासी आणावेत, कुणाला पैसे द्यायला नकोत. नावच इतकं ओळखीचं की निम्मी जाहिरात फुकटात होते.

२००५ साली तर एकाच वर्षात तीन आले. एक स्पीलबर्गचा, टॉम क्रूझवाला. दुसरा असायलम कंपनीचा, थेट डीव्हीडीवर. मोठा सिनेमा यायच्या सुमाराला तशाच नावाचा स्वस्त सिनेमा काढायचा, म्हणजे घाईत उचलणारा गिऱ्हाईक फसतो, हा त्यांचा उघड धंदा. आणि तिसरा पेंड्रॅगन नावाच्या कंपनीचा, टिमोथी हाइन्सने केलेला, हाही थेट डीव्हीडीवर. तो मात्र वेगळाच प्राणी आहे. वेल्सच्या काळातच गोष्ट ठेवायची, पुस्तकातलं काही सोडायचं नाही, या जिद्दीने काढलेला. लांबी जवळपास तीन तास.

तिरपी_रेघ

तिसरा मी ऐकलाच नव्हता! कसा आहे? बघू का?

ढगफोडे

बघाच. नायक आणि त्याचा भाऊ, दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्यात, आणि कोण कुठला ते ओळखायचं मिशीवरून. ती मिशी खोटी आहे हे ती पडद्यावर येते त्या क्षणी कळतं. तीन पायांची यंत्रं कॉम्प्युटरवर केलेली, जमिनीला टेकल्यासारखी वाटतच नाहीत. आग लागते तिथे नुसता नारिंगी रंग. आणि नायक चालतो. पुस्तकात माणूस गावोगाव पायी हिंडतो ना, तर सिनेमातही तो हिंडतो. शेतातून, रस्त्याने, परत शेतातून. मध्ये काही घडत नाही, नुसता चालतो.

नेपच्यून

आणि हा 'कळकळी'वाला, असंच ना?

ढगफोडे

शंभर टक्के. माणसाने पुस्तक प्रकरणागणिक पडद्यावर आणायचं ठरवलं आणि आणलं. पैसे नव्हते तर नव्हते. नेपच्यून, तुम्ही तो पूर्ण बघा आणि मग क्यूबवाला परत बघा. दोन्ही सारखेच वाईट आहेत असं म्हणालात तर माझं म्हणणं मागे घेतो.

नेपच्यून

तीन तास अधिक दीड तास? हा युक्तिवाद आहे की शिक्षा?

शनिवारचा_प्रेक्षक

मी बघायला बसलोय पेंड्रॅगनवाला. मिशी आली.

पॉपकॉर्नवाला

खरी वाटते का?

शनिवारचा_प्रेक्षक

डावीकडून सुटतेय.